उन्सुक चिनचे कॉन्चर्टो ऐकायचेत? मग इथून सुरू करा

मी पहिल्यांदा हे संगीत घरी स्पीकरवर लावलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे अजून वाद्यंच जुळवतायत का? सुरू कधी होणार?" तोवर पहिला भाग संपत आला होता. आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं, फक्त कबूल करायची लाज वाटत होती. आज तेच रेकॉर्डिंग मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. मधे काय बदललं तर फार काही नाही, ऐकायची सुरुवात चुकीच्या जागेवरून केली होती ती बदलली. ज्यांनी बीथोवन-मोझार्ट थोडंफार ऐकलंय, किंवा तेही नाही, नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकून कान तयार आहे पण "मॉडर्न" म्हटलं की पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितोय.

आधी बाई कोण ते सांगतो. उन्सुक चिन, आडनाव चिन, चीनशी काही संबंध नाही, बाई कोरियन. जन्म १९६१, सोल. वडील चर्चमधे पाळक, घरात पियानो आला त्यावर स्वतःच शिकली, पुढे पैसे नव्हते म्हणून मोठ्या संगीतकारांच्या स्कोअर, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, हाताने उतरवून काढत संगीतरचना शिकली. १९८५ मधे स्कॉलरशिपवर जर्मनीत हॅम्बुर्गला संगीतकार लिगेटीकडे शिकायला गेली. लिगेटी म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं नाव! आणि गुरुजींनी काय केलं तर तिच्या आधीच्या, बक्षीस मिळालेल्या रचनासुद्धा टाकून दे म्हणून सांगितलं, यात तुझं स्वतःचं काही नाही असं. त्यानंतर जवळपास तीन वर्षं बाईंनी काही लिहिलंच नाही. १९८८ पासून मुक्काम बर्लिन. तिथे इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत काम केलं, आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढे साध्या वाद्यांतून जे चकाकणारे, कुठून आले कळत नाही असे आवाज निघतात त्याची मुळं मला तरी तिथे दिसतात. २००४ ला व्हायोलिन कॉन्चर्टोसाठी ग्रॉमायर पुरस्कार, २०२४ ला सीमेन्स संगीत पुरस्कार, म्हणजे आता या क्षेत्रातलं सर्वात मोठं जे काही असतं ते सगळं झालंय.

आता मुद्दा. कॉन्चर्टो म्हणजे एक एकटा वादक पुढे आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. जुन्या कॉन्चर्टोत आपल्याला गणित लगेच कळतं, मुख्य गवई आणि साथीदार, कधी साथ कधी सवाल-जवाब. उन्सुकबाईंच्या बहुतेक कॉन्चर्टोत हे गणित धरून ऐकलंत तर हातात काहीच लागत नाही. मला ज्या दिवशी सतारीच्या तरफा आठवल्या त्या दिवशी कुलूप उघडलं. वरच्या तारेवर मिजराब पडते आणि खालच्या तरफा कोणी न छेडता झणझणतात, बरोबर? इथे एकटा वादक म्हणजे वरची तार आणि ऐंशी-नव्वद लोकांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे तरफा. वादकाने स्वर टाकला की तो मागे पसरतो, रंग बदलतो, कधी मागचा आवाज पुढच्याला गिळतो. चाल शोधू नका, आवाज कोणाच्या हातात आहे आणि तिथून कुठे जातोय ते शोधा. एवढं एक वाक्य धरून पुढच्या पायऱ्या चढा.

पायरी ० : मोबाईलची सेटिंगं

हसू नका, अर्धे लोक इथेच गळतात. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणं, तेही बंद. एका कॉन्चर्टोचे तीन-चार भाग असतात, अ‍ॅपमधे ते वेगवेगळे ट्रॅक दिसतात, ते क्रमानेच ऐकायचे. आवाज सगळीकडे सारखा करणारं जे ऑटोमॅटिक सेटिंग असतं तेही बंद करा, कारण या संगीतात कुजबुज आणि किंकाळी यातलं अंतर हाच निम्मा मामला आहे आणि ते सेटिंग नेमकं तेच सपाट करून टाकतं. व्हॉल्यूम लावताना सुरुवात ऐकू येत नाही म्हणून वाढवू नका, मधली एखादी दणक्याची जागा शोधून तिथे कानाला सोसेल इतका ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. मी एकदा सकाळच्या लोकलमधे इअरफोनवर ऐकायला घेतलं, हळू जागा गाडीच्या खडखडाटात गेल्या म्हणून आवाज फुल्ल केला आणि ठाणे ते मुलुंडच्या मधे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, आणि तालवाद्यं एकदम अंगावर आली, शेजारचे काका दचकले नाहीत पण मी दचकलो. तर लोकलमधे नको. रात्री जेवणं झाल्यावर, हेडफोन, खोलीत पंखा हळू.

शोधताना नाव रोमन लिपीतच टाकावं लागतं, उन्सुकचं स्पेलिंग यू-एन-एस-यू-के आणि चिनचं सी-एच-आय-एन. नाव आधी लावा, आडनाव आधी लावा, दोन्हीने सापडतं.

पायरी १ : पाच मिनिटांचा तुकडा, सात वेळा

कॉन्चर्टोला लगेच हात लावायचा नाही. आधी "सुबितो कॉन फोर्त्सा". इटालियन शब्द, अर्थ साधारण "अचानक, जोर लावून". बीथोवनच्या अडीचशेव्या जयंतीसाठी लिहिलेला, २०२० च्या सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमला पहिल्यांदा वाजला, लांबी पाचेक मिनिटं. यात एकटा वादक नाही, नुसता ऑर्केस्ट्रा. पहिलाच आवाज बीथोवनच्या "कोरिओलान" ओव्हर्चरचा, म्हणजे नाटकाआधी वाजणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या तुकड्याचा, सगळी तंतुवाद्यं एका स्वरावर धाडकन. आणि मग तो आवाज जागच्या जागी विरघळायला लागतो, तालवाद्यांची चुरचुर, चकाकी, जसं काही कोणी ओळखीच्या फोटोवर पाणी सांडलंय.

आठवडाभर रोज एकदा ऐका. पहिल्या दोन दिवशी काही करू नका. तिसऱ्या दिवसापासून कागदावर फक्त मिनिट-सेकंद लिहा, "इथे काहीतरी तुटलं", "इथे ओळखीचं आलं", एवढंच. संगीताची भाषा यायची गरज नाही. माझ्या पहिल्या कागदावर एका ठिकाणी "भांडी पडली" लिहिलंय आणि ती जागा मला अजून तशीच सापडते.

पायरी २ : "शू", आणि इथे आपली पेटी कामाला येते

माझ्या मते नवख्या मराठी माणसाने पहिला कॉन्चर्टो हाच ऐकावा, पुरस्कारवाला व्हायोलिनचा नाही. "शू" हा शंग नावाच्या चिनी वाद्यासाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी आहे, २००९ मधला, टोकियोत पहिल्यांदा वाजला, वाजवणारा वू वेई, ज्याच्यामुळेच हा लिहिला गेला असं म्हणायला हरकत नाही. उन्सुकबाई आशियाई वाद्य घेऊन ऑर्केस्ट्रात बसवायला बरीच वर्षं तयार नव्हत्या, तो शोभेचा, टुरिस्टांसाठीचा प्रकार त्यांना नको होता. वू वेईचं वाजवणं ऐकल्यावर मत बदललं. नावाचा चीनशी संबंध नाही बरं का, ते इजिप्तच्या पुराणकथांतलं आहे, हवेशी जोडलेलं. शोधताना एस आणि यू, एसच्या डोक्यावर एक छोटी उलटी टोपी असते, ती नाही टाकली तरी चालतं पण सोबत शंगचं रोमन स्पेलिंग, म्हणजे एस-एच-ई-एन-जी, जरूर टाका नाहीतर भलतंच काहीतरी निघतं.

शंग म्हणजे काय? एका वाटीसारख्या भागात उभ्या रोवलेल्या नळ्यांचा जुडगा, वू वेईच्या वाद्यात अशा ३७ नळ्या आहेत, खालून तोंडाने फुंकायचं. प्रत्येक नळीच्या बुडाशी धातूची पातळ पट्टी, हवा गेली की ती थरथरते. ओळखीचं वाटलं ना? पेटीच्या आत जे रीड असतात तेच तत्त्व, फक्त भात्याच्या जागी माणसाची छाती. आणि गंमत म्हणजे फुंकलं तरी वाजतं आणि आत ओढलं तरी वाजतं, म्हणजे वादक श्वास घ्यायला थांबतच नाही, आणि पेटीसारखेच एका वेळी अनेक सूर.

हा व्हिडिओवरच बघा पहिल्या वेळी, नुसतं ऐकू नका. बघायचं काय तर वू वेईचा श्वास. आवाज जवळजवळ शून्यातून येतो, शंगचा एक धागा, आणि मग तो कुठे संपला आणि मागच्या व्हायोलिनांनी कुठे उचलला ते कळत नाही, डोळे मिटलेत तर नक्कीच कळत नाही. ही झाली तरफ! पुढे जाऊन हाच श्वास लयीत येतो, झटके, धाप लागल्यासारखी पुनरावृत्ती, जवळजवळ नाचायला लावणारी. साधारण वीस मिनिटं, मधे तुकडे नाहीत, सलग. पहिल्यांदा पूर्ण बघा, दुसऱ्यांदा नुसतं ऐका आणि कागदावर फक्त दोन प्रकारच्या नोंदी करा: कुठे शंग ऑर्केस्ट्रात विरला, आणि कुठे परत एकटा बाहेर आला.

आईला हाच ऐकवला मी दुसऱ्या खेपेला. "पेटीला दमा झालाय" म्हणाली, पण उठून गेली नाही.

पायरी ३ : चेलो कॉन्चर्टो, जिथे तरफा उलटतात

आत्ता मी जे तरफांचं सांगितलं ते इथे मोडतं आणि म्हणूनच हा तिसरा. २००९ ला लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात आल्बान गेरहार्टने पहिल्यांदा वाजवला, २०१३ मधे बाईंनी त्यात दुरुस्त्या केल्या, आज ऐकायला मिळतो तो बहुतेक दुरुस्त केलेलाच. चेलो म्हणजे बसून वाजवायचं, व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड. चार भाग, अर्ध्या तासाच्या आसपास.

पहिल्या भागाचं नाव "आनिरी". कोरियात पान्सोरी नावाचा कथागायनाचा प्रकार आहे, एक गाणारा, एक ढोलवाला, आणि गाण्यांच्या मधे गाणारा जे बोलून सांगतो ते आनिरी. आपल्याकडे कीर्तनात बुवा अभंग थांबवून निरूपणाला लागतात ना, वीणा खांद्यावर तशीच, ते डोळ्यापुढे आणा. चेलो इथे तसा सांगायला बसलाय. एका सुराभोवती फिरतो, जरा लांब जातो, परत येतो, हार्पचे, म्हणजे त्या मोठ्या उभ्या तंतुवाद्याचे, थेंब मधेमधे. ख्याल ऐकणाऱ्याला हे सोपं जातं, एका सुरावर थांबून त्याच्याभोवती बढत करणं आपल्याला नवीन नाही. पण राग शोधत बसू नका, सापडणार नाही आणि उगाच वेळ जाईल, मी घालवलाय.

दुसरा भाग छोटा आणि सुसाट. तिसरा परत संथ. आणि चौथ्यात ऑर्केस्ट्रा चक्क चेलोवर चालून जातो. इथे साथ नाही, पसरणं नाही, सरळ दादागिरी. चेलो एक वाक्य लांबवायला बघतो आणि मागून धडाधड काहीतरी पडतं. पहिल्यांदा मला वाटलं रेकॉर्डिंगमधे बॅलन्स चुकलाय. चुकलेला नाही, तसंच लिहिलंय, बाकीच्या कॉन्चर्टोत वादक आणि ऑर्केस्ट्रा एक होतात तर इथे त्यांच्यात ताण ठेवायचा हा हिशोबच आहे.

कसं ऐकायचं: चारही भाग एका बैठकीत नको. पहिला भाग दोन दिवस. मग चौथा एकटा. मग सगळा सलग. हा उलटा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण शेवटचं भांडण माहीत असलं की पहिल्या भागातला तो निवांतपणा वेगळाच ऐकू येतो.

सोयीची गोष्ट म्हणजे "शू", चेलो आणि पियानो असे तिन्ही कॉन्चर्टो एकाच डिस्कवर आहेत, सोल फिलहार्मनिक, कंडक्टर म्युंग-हून चुंग, डॉइच ग्रामोफोनने २०१४ ला काढलेली, स्ट्रीमिंगवरही आहे. एकच विकत घ्यायची तर ही.

पायरी ४ : व्हायोलिन कॉन्चर्टो, आता कुठे पुरस्कारवाला

२००१ ला लिहिला, जानेवारी २००२ ला बर्लिनमधे विवियान हाग्नरने वाजवला, कंडक्टर केंट नागानो. ग्रॉमायर याच्यासाठीच मिळाला. चार भाग.

ऐकायच्या आधी एक करा, घरी किंवा ओळखीत व्हायोलिन असेल तर त्याच्या चार मोकळ्या तारा, बोट न ठेवता, ओढून बघा. पाश्चात्त्य पद्धतीत त्या एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात, म्हणजे प्रत्येक दोन तारांत सा आणि प चं नातं. आपले वादक तेच व्हायोलिन सा-प-सा-प असं लावून घेतात, ते वेगळं, पण पंचमाचा तो मोकळा, हवेशीर आवाज दोन्हीकडे सारखाच. कॉन्चर्टोची सुरुवात याच मोकळ्या पंचमांतून होते. मागे मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, जेमतेम ऐकू येईल असं गुरगुरतं. व्हायोलिन तारांवरून वरखाली धावतं, आणि हार्मोनिक्स, म्हणजे तार पूर्ण न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेले शिट्टीसारखे सूर, त्यातून निघत राहतात. वाद्य लावताना जो आवाज येतो तोच कच्चा माल घेऊन बाईंनी पंचवीसेक मिनिटांचं घर बांधलंय! म्हणजे आईचं "अजून वाद्यंच जुळवतायत का" हे अगदीच काही चुकीचं नव्हतं, मी हे तिला सांगितलं नाहीये अजून.

शेवटच्या भागात कान टवकारा, सुरुवातीचा तो पंचमांचा रंग परत भेटतो का ते स्वतः पकडा. आणि हा एकटा कॉन्चर्टो तरी दोन वेगळ्या वादकांकडून ऐका. हाग्नर-नागानोचं माँट्रियलचं रेकॉर्डिंग आहे, आणि बर्लिन फिलहार्मनिकने काढलेल्या उन्सुक चिन संचात क्रिस्टियान टेट्झलाफ आणि सायमन रॅटल आहेत. टेट्झलाफ जास्त खरखरीत, अंगावर येणारा वाटतो मला. हाग्नरचं स्वच्छ. नवख्याने आधी हाग्नर.

इथून पुढे पटपट

पियानो कॉन्चर्टो (१९९७) हा सर्वांत जुना, खेळकर, बोटांचा धबधबा आहे, जुना इटालियन संगीतकार स्कार्लाती आणि इंडोनेशियातलं गामलान, म्हणजे घंटा-तालवाद्यांचं सामूहिक वादन, दोन्हीची सावली त्यात आहे. काही लोक यानेच सुरुवात करा म्हणतात, मला पटत नाही, कान तयार नसताना तो नुसता टकटकाट वाटतो. क्लॅरिनेट कॉन्चर्टो (२०१४) फिनलंडच्या कारी क्रीकूसाठी, त्यात मधला भाग ऐका, एकाच क्लॅरिनेटमधून एका वेळी दोन-तीन सूर निघतात, तेही संथपणे, आधी मला वाटलं दोन जण वाजवतायत. शेवटच्या भागाच्या नावात "इम्प्रोव्हायझेशन" आहे पण आपल्या अर्थाची उपज नाही हं, सूर कागदावर लिहिलेले आहेत. पियानो आणि तालवाद्यं असा एक डबल कॉन्चर्टोही आहे (२००२), पियानोच्या तारांत वस्तू बसवून आवाज बदलतात तो प्रकार, मजेदार पण घाई नाही.

एक नुसत्या ऑर्केस्ट्राची रचना मधे घाला, "रोचना", २००८ ची. हो, संस्कृतच! बाईंनी अर्थ दिलाय "प्रकाशाची खोली". आपल्याला गोरोचन, रुचणं वगैरे आठवतं, मुळात धातू तोच, रुच् म्हणजे चमकणं. प्रकाश भिंतींवर आपटून फुटतो तसा आवाज वागतो यात, वीस मिनिटं, आणि कोणी एकटा पुढे नसल्यामुळे नुसत्या तरफाच ऐकतोय असं वाटतं.

प्रत्यक्ष ऐकायचं तर

स्पीकर कितीही भारी असला तरी ऑर्केस्ट्राचा आवाज खोलीत कुठून येतो ते कळत नाही. मुंबईकरांनी निदान एकदा एनसीपीएच्या सभागृहात जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कुठलाही कॉन्चर्टो ऐकावा, अगदी ब्राम्सचा असला तरी. एकटा वादक कंडक्टरच्या किती जवळ उभा असतो, मागचे लोक त्याच्याकडे कधी बघतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरी हेडफोनवर चित्र उभं राहतं. झाकीरभाईंचा तबल्यासाठीचा "पेशकार" याच ऑर्केस्ट्राने २०१५ मधे एनसीपीएलाच पहिल्यांदा वाजवला होता, आपलं वाद्य आणि अख्खा ऑर्केस्ट्रा समोरासमोर आले की काय होतं हे बघायला "शू"च्या शेजारी ठेवून ऐका, मजा येते. भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, मी वाजवल्या होत्या, एकट्यानेच. "वा" पण नाही. लंडन, बर्लिन, अमेरिकेत असाल तर तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या सीझनमधे बाईंचं नाव अधूनमधून दिसतं, लक्ष ठेवा.

सगळ्यात शेवटी हा

दुसरा व्हायोलिन कॉन्चर्टो. एका वाद्यासाठी एकच कॉन्चर्टो लिहायचा असा बाईंचा नियम होता. लिओनिदास कावाकोसचं वाजवणं ऐकून तो त्यांनी मोडला. जानेवारी २०२२, लंडन सिंफनी, कंडक्टर सायमन रॅटल. जर्मन नाव "शेर्बेन डेअर श्टिले", म्हणजे शांततेच्या ठिकऱ्या. हा एकसलग, भाग नाहीत, म्हणून पकडायला अवघड. सुरुवातीला कावाकोस एकटा, फक्त काही सुरांचा एक छोटासा गुच्छ, कुजबुजीत. तो गुच्छ पाठ करा. दहा वेळा ऐकावा लागला तरी चालेल, पहिली दोन मिनिटं फक्त, पुढे जाऊच नका. मग पूर्ण लावा आणि तो गुच्छ किती वेळा, कोणाच्या तोंडून, किती मोडक्या अवस्थेत परत येतो ते कागदावर रेघा मारून मोजा.

माझा आकडा दर वेळी वेगळा येतो. गेल्या रविवारी एकोणीस आला, त्याच्या आधी चौदा. तुमचा किती येतो ते सांगा.